थेंबांसाठी कवच

माझी मावशी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. जन्मभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेलं माणूस निवृत्तीनंतर त्या यंत्राचं तोंडही बघणार नाही, असं वाटेल. मावशीनं मात्र घरी बसल्याबरोबर एक जुनं सूक्ष्मदर्शक आणलं, खिडकीशी मांडलं आणि पाण्याचे थेंब बघायला लागली. फुलदाणीतलं पाणी, गच्चीवरच्या डबक्यातलं, कुंडीखालच्या बशीतलं. जे दिसेल त्याचं चित्रण करून लॅपटॉपात ठेवायची. शेजारी तिला थेंबमावशी म्हणायला लागले.

काका पाण्याचा टँकर चालवून निवृत्त झालेले. "पाणी प्यायचं असतं, बघत काय बसायचं?" असं म्हणून ते पेपर उघडायचे.

एका सकाळी लॅपटॉप सुरूच होईना. मावशीचा चेहरा उतरला. आम्ही दोघी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाईनं तळाचे स्क्रू काढले, इकडे तिकडे तपासलं.

"मावशी, मदरबोर्ड गेलाय. पण तुमचं सामान शाबूत असणार," असं म्हणत तिनं च्युइंगमएवढी एक पट्टी मावशीच्या तळहातावर ठेवली. "ही एसएसडी. सगळं हिच्यात आहे. बाहेरची केस, म्हणजे कवच घ्या, हिला त्यात बसवा आणि वायरनं दुसऱ्या लॅपटॉपला जोडा."

"एवढीशी?" झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसा मावशीचा आवाज खाली आला.

घरी येऊन तिनं ती पट्टी भिंगाखाली धरली. कडेला सोनेरी दात, दातांच्या रांगेत एक खाच. वर काळे चौकोन, गुळगुळीत.

"अगं, मी पाहिलेलं सगळं इथं आहे," ती म्हणाली, "आणि मला त्यातला एक ठिपका दिसत नाही!"

काकांना राहवलं नाही. ते बाजारातून एक पारदर्शक प्लॅस्टिकची केस घेऊन आले. पण खाचेशी घोडं अडलं. पट्टी आत जाईना. काका अंगठ्यानं रेटायला लागले, तशी मावशी ओरडली, "अहो, थांबा! टायर नाहीये तो!"

पुन्हा दुकान. या वेळी काकाही आले.

"ही केस साटा जातीच्या पट्टीची," दुकानातली बाई म्हणाली. "तुमची एनव्हीएमई. दिसायला सख्ख्या बहिणी, पण घर वेगळं लागतं." तिनं दोन योग्य केसेस पुढ्यात ठेवल्या, एक प्लॅस्टिकची, एक ॲल्युमिनियमची.

"प्लॅस्टिकची हलकी आहे," काका म्हणाले.

"हलकी आहे, पण ही पट्टी काम करताना तापते. धातू तो ताप बाहेर टाकतो. मधे ही मऊ गादी ठेवायची, म्हणजे उष्णता पट्टीतून धातूत जाते."

"म्हणजे रेडिएटरच की!" काकांचे डोळे चमकले. "मग हीच द्या."

घरी मावशीनं पट्टी तिरकी आत सरकवली, अलगद खाली दाबली, टोकाला रबराची खुंटी लावली, गादी ठेवून झाकण बंद केलं. मी वायर माझ्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर काहीच नाही. मग टुण्‌ असा आवाज आला आणि तिचे फोल्डर एकाखाली एक उभे राहिले. मावशी पडद्याशी सरकली.

तिनं एक चित्रण लावलं. काचेच्या होड्यांसारखं काहीतरी संथ तरंगत गेलं. मागून एक पारदर्शक जीव आला, तोंडाशी दोन चाकं गरागरा फिरताहेत असा. काका वाकले.

"हे कुठलं गं?"

"आपल्या कुंडीखालच्या बशीतलं."

"आपल्या? आणि ते पोटात काय हलतंय?"

"जबडा आहे तो. जेवतोय."

काकांनी खुर्ची ओढली. पुढची चित्रणं त्यांनी शेवटपर्यंत पाहिली. मधेच त्यांनी केसला बोट लावलं. ती कोमट झाली होती. "मी किती पाणी वाहिलं गं," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच झाकणाची बाटली घेऊन डबक्याकडे गेले. मावशीनं थेंब काचेवर ठेवला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला.

बराच वेळ ते जागचे हलले नाहीत. मग नजर न काढता एक हात मागे करून मला म्हणाले, "ये, बघ. पण हळू चाल. पाणी हलेल."