टेकचंदच्या दुकानात केलेली चहाडी

माझ्या मुलीला हे ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीला नाही. यांना तर कधीच कळलं नाही — आणि आता हे राहिलेही नाहीत. तुम्हाला सांगते आहे, म्हणून मला पश्चात्ताप झालाय असं मात्र समजू नका. झाला असता तर मागेच बोलले असते — नाही का?

गोष्ट सायकलीची. म्हणजे — सायकल विकत घ्यायची की भाड्याने वापरायची, एवढ्याशा प्रश्नाची.

पन्नास-साठच्या मधली वर्षं. आम्ही संगमेश्वराकडचे. यांना पिंपरीला कारखान्यात काम लागलं आणि रावेतला एका शेतकऱ्याच्या घरात आम्ही एक खोली घेतली. आमच्याकडच्या माणसाला घाट चढला की परदेशच तो. भाकरी निराळी, पाणी निराळं, बोलणंही निराळं. हे तर दोन वर्षं परदेशातच राहिले. भिंतीला खिळा ठोकू देत नसत. ट्रंक कधी पुरती रिकामी केली नाही. शिमग्याला परत जाऊ म्हणायचे — कुठल्या शिमग्याला, ते सांगत नसत.

कारखाना लांब, म्हणून सायकल हवी. ती हे महिन्याच्या भाड्याने आणत. पिंपरीला निर्वासितांच्या छावणीजवळ टेकचंद नावाच्या सिंधी माणसाचं सायकलचं दुकान होतं. आमची घरमालकीण सारजाआक्का एकदा यांना म्हणाली, "भाडं भरून भरून दमाल की. येक इकत घ्या." हे हसले. परत जाणाऱ्यानं इथं सायकल कशाला घ्यावी, म्हणाले. पैसे नव्हते असं नाही. गावी बैलजोडी घ्यायची म्हणून ते बाजूला ठेवलेले होते.

बैलजोडी! आणि माझी सुशी? तिला सहा पुरी झाली होती. शाळेत घालू म्हटलं की यांचं ठरलेलं — गावी जायचंच आहे, तिथं घालू. गावची शाळा मला माहीत होती. यांच्या घरात मुलगी दुसरीच्या पुढे शिकली नव्हती. मला माहेरी चौथीतून काढलं, तेव्हा गुरुजी स्वतः घरी आले होते. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. सासरी मी तिसरी सून. पहाटे गोठा, मग चूल, मग पुन्हा गोठा. सुशीलाही तिथंच नेऊन बांधायचं?

मी यांच्याशी भांडले का? नाही. भांडून हे ऐकणारे नव्हते. रडलेही नाही. मी जे केलं ते — सांगते.

महिना संपत आला होता. सुकट आणायची म्हणून भरदुपारी पिंपरीला चालत गेले आणि टेकचंदच्या दुकानात शिरले. तो पंक्चर काढत बसला होता. पन्नाशीचा माणूस, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. मी त्याला म्हटलं, "रावेतहून येतात ते माझे मालक. पुढच्या महिन्यापासून त्यांना सायकल देऊ नका. ते सायकल घेऊन गावी पळणार आहेत. मागे एकाची अशीच नेलीय."

कुणाची नेली नव्हती. यांनी जन्मात दुसऱ्याची टाचणी उचलली नव्हती.

टेकचंदनं हातातली ट्यूब खाली ठेवली. "बाई, अपल्या माणसाबद्दल असं कोण बोलतं?"

"मी बोलते," म्हटलं, आणि सुकट न घेताच परत आले.

पहिल्या तारखेला हे दुकानात गेले, तर टेकचंद सायकल नाही म्हणाला. समोर चार उभ्या होत्या. यांनी बोट दाखवलं. तो म्हणाला, आहेत, पण तुम्हाला नाहीत. कारखान्यातले दोन सोबती शेजारीच होते. हे पायी घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बैलजोडीचे पैसे घेऊन पुण्याला गेले आणि नवीकोरी सायकल घेऊन आले. महिन्याभरात सुशी शाळेत गेली. त्याच सायकलीवरून हे तिला सोडायचे. शिमगा आला आणि गेला.

इथंच थांबले असते तर तुम्ही मला हुशार म्हटलं असतं. पण यांनी कारखान्यातल्या झाडून सगळ्या कोकणी माणसांना सांगितलं — तो सिंधी आपल्याला चोर समजतो. त्यांनी त्याच्याकडे जाणं सोडलं, त्यांचं पाहून इतरांनी. जो माणूस स्वतःचं सगळं सिंधमध्ये सोडून आला होता, त्याचं इथलं दुकानही वर्षभरात बसलं. सायकली विकून तो कल्याणकडे निघाला. जायच्या आधी बाजारात एकदा समोर आला. मी मान खाली घातली नाही. त्यानं विचारलं, "घेतली ना सायकल त्यांनी?"

"घेतली."

"मग झालं," म्हणाला आणि गेला. त्यानं माझं नाव कधी कुणाला सांगितलं नाही. एका शब्दानं तो सुटला असता. का नाही बोलला? तेव्हा विचारायचं धाडस मला झालं नाही.

सुशी मास्तरीण झाली, पुढे मुख्याध्यापिका. कुणी म्हणेल, म्हणजे तुझं बरोबरच होतं. नका म्हणू. सुशीच्या शाळेसाठी टेकचंदचं दुकान जायलाच हवं होतं असं नाही. यांच्या तोंडावर खरं बोलण्याची हिंमत मला नव्हती, म्हणून ते गेलं. आणि तरी सांगते — ती दुपार पुन्हा आली तर मी पुन्हा पिंपरीची वाट धरेन.

शेवटच्या आजारात हे अंथरुणावर होते. एका सकाळी मी कप घेऊन उशाशी बसले होते. एकाएकी म्हणाले, "आयुष्यात मला एकाच माणसानं चोर ठरवलं. का, ते कधी कळलं नाही गं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. यांची नजर माझ्याकडेच होती.

मी म्हटलं, "दूध निवतंय, घ्या."

त्यांनी घेतलं.