आडवे राग, उभे राग

“राहू दे तो तसाच चादरमा बांधेल. दोन महिनामा गानं-बिनं ईसरी जाई पोर.”

स्वयंपाकघरात सासूबाई अक्कांना सांगत होत्या. अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. मी ताटं घेऊन दाराबाहेर. ‘तो’ म्हणजे माझा तानपुरा. लग्नानंतर माहेराहून, बोदवडहून गाडीच्या मागच्या सीटवर झोपून धुळ्याला आला, आणि चादरीत गुंडाळलेलाच हॉलमध्ये सोफ्यामागे गेला. मला रोज पहाटे रियाज करायचा होता. पण मी बोलले नाही. नवी सून गप्प असली की लोक तिच्यासमोर मनमोकळं बोलतात, किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे तर दर रविवारी भर पडते, कारण रविवारी शब्दकोडं असतं!

सोडवणारे तिघं: सासरे म्हणजे आबा, अक्का आणि शेजारचे नाना. कोडं रचणाऱ्याला संगीताचं वेड असावं. राग, ताल, मध्येच ऑपेरा! या तिघांनी एकही मैफल ऐकलेली नाही, पण वीस-पंचवीस राग तोंडपाठ. अक्षरांवरून.

“मारवा?” “तीन.” “तोडी?” “दोन.”

एकदा पाहुण्यांनी विचारलं, “भूप कसा असतो हो?”

आबा विचार करून म्हणाले, “बहुतेक आडवा. एकदाच उभा आला होता.”

*

ऑपेरा म्हणजे काय, हे नानांनी अक्कांना समजावलं. “नाटकच असतं अक्का. फक्त मरणारा माणूस मरायच्या आधी गातो.”

“कितला टाइम?”

“पंधरा-वीस मिनिटं तरी.”

“मंग तवढामा त्याले दवाखानामा काबर नही लई जातस?”

*

आबा कोडं पेननेच भरतात. एकदा लिहिलं की लिहिलं. शोधसूचक होतं, ‘ऑपेरातला स्त्रीचा सर्वांत उंच आवाज, तीन अक्षरी.’

“किंचाळी!” नाना म्हणाले. अक्षरं बसली, मतदान झालं, एकमताने मंजूर.

पुढच्या रविवारी उत्तर छापून आलं: सोप्रानो. आबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. “छपाईची चूक आहे हो नाना. पेपरचं आता काही खरं राहिलं नाही.”

*

एका रागावर फारच अडलं, तेव्हा आबांनी जळगावला नोकरीला असलेल्या माझ्या नवऱ्याला फोन लावला. तो कामात.

“आबा, तिला विचारा ना! ती गाणं शिकलीय.”

“अरे, ती कुठे आहे इथे? ती स्वयंपाकघरात आहे!”

मधे फक्त पडदा आहे.

*

गेल्या रविवारी आलं, ‘तानपुऱ्याच्या तारांची नेहमीची संख्या, दोन अक्षरी.’

“पाच,” नाना म्हणाले.

“सूर सात शेतस, मंग तारा बी सातच!” अक्का.

“गिटारला सहा असतात,” आबा म्हणाले. “म्हणजे सहा.”

सगळेच दोन अक्षरी! अक्षरांनी पहिल्यांदाच दगा दिला. मतदान घेतलं, प्रत्येकी एक मत. मग सासूबाईंना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, “आठ” म्हणाल्या आणि तिथेच बसल्या. अर्धा तास गेला. नाना वैतागून सोफ्यावर मागे रेलले, मागचं काहीतरी पाठीला टोचलं, म्हणून पुन्हा पुढे सरकून बसले.

मी चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला.

“आबा, तो नानांच्या पाठीमागेच आहे. चादर सोडा आणि मोजा. मोजून झालं की परत बांधू नका.”