तळहातावरचं वजन

नाशिकरोडच्या कुरिअरच्या खिडकीतल्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. वडील गेल्यावर त्यांची पुस्तकं मी ऑनलाइन विकत होते, म्हणून रोज गाठ पडायची. पार्सल तो आधी तळहातावर घेई, डोळे मिटून वजन सांगे आणि मगच काट्यावर ठेवी. कधी चुकला नाही.

शेवटचं पुस्तक वडिलांचं निम्मंच वाचून झालं होतं. खुणेला मध्यावर त्यांनी ठेवलेलं एकलहऱ्याच्या बसचं तिकीट मी तसंच राहू दिलं होतं.

"सहाशे ग्रॅम," तो म्हणाला. मग पत्ता वाचून थांबला. "ताई, गाव मनमाड आणि पिनकोड तुमच्या कॉलनीचा? हे गिऱ्हाईक राहतं कुठं, गाडीत? फोन लावा त्यांना."

फोन बंद होता. पण मध्यावर थांबलेलं ते तिकीट मला घरात बघवत नव्हतं. मनमाडचा पिनकोड घालून, पाठवणीचा जादा खर्च सोसून मी ते पाठवलंच.

आठवड्याने पार्सल त्याच खिडकीत परत आलं. त्या पत्त्यावर त्या नावाचं कुणीच राहत नव्हतं. त्याने ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

"हलकं लागतंय."

काट्यावर सहाशेच भरले. माझी चिकटपट्टीही जशीच्या तशी होती.

"काट्याला काय कळतंय?" तो हळूच म्हणाला. "ताई, वाचून झालेलं पुस्तक हाताला असंच लागतं."

घरी येऊन मी पट्टी कापली. तिकीट शेवटच्या पानावर होतं.