तात्यांचं वाडगं

आम्ही जुने सहकारी भेटलो की आधी गुडघेदुखी निघते, मग मुलांची लग्नं, आणि चहा आला की तात्या. तात्यांचे किस्से कुणी लिहून ठेवले नाहीत, तरी दर भेटीत एखादा जास्तच निघतो.

नव्वदच्या दशकात बारामतीजवळच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. लॅबमागच्या बागेत आमच्या विभागाच्या हेडसरांनी कमरेएवढी भिंत बांधून, आत सिमेंटची टाकी करून, वर जाळी टाकून बेडूक, सरडे आणि सापसुरळ्या ठेवल्या होत्या. सर त्याला व्हायव्हेरियम म्हणायचे. आमचे लॅब अटेंडंट तात्या वरकुट्याचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, वडिलांनी ती विकून ऊस लावलेला. मेंढरं कोंडायच्या जागेला वाडगं म्हणतात, म्हणून ते ह्यालाही वाडगंच म्हणायचे. दोन वर्षांत अख्खं कॉलेज तेच म्हणायला लागलं, प्राचार्यांसकट!

*

रोज संध्याकाळी तात्या जनावरं मोजूनच घरी जायचे. एकदा एक बेडूक कमी भरला. ‘उद्या बघू,’ मी म्हटलं.

‘मेंढरू चुकल्यावर धनगराला घास उतरतो का, बाई?’

दुसऱ्या दिवशी हेडसर इंदापूरहून एसटीने आले ते डब्याची पिशवी हातभर लांब धरूनच. बेडूक पिशवीतून इंदापूरला जाऊन, मुक्काम करून परत आला होता. सर अजून घाबरलेलेच होते. तात्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, ‘सर, रातच्याला ह्याला पाणी तरी दावलं का?’

*

लायब्ररीत झुरळं होतीच, त्यात वाळवी लागली. फवारणीवाला पंप घेऊन आला, तर दारात तात्या आडवे.

‘हितं औषध मारायचं न्हाय. आमच्या जनावरांचा चारा हाय त्यो.’

ग्रंथपाल चिडले. शेवटी आठवडाभराची मुदत ठरली. तात्यांनी एकेक पुस्तक झटकून डबे भरून वाळवी नेली आणि कपाटं लख्ख करून दिली. बेडूक त्या आठवड्यात अंगाने चांगलेच सुटले.

*

एकदा वाडग्यात धामण शिरली. आम्ही बाकीचे लॅबमधल्या टेबलांवर चढलो. तात्यांनी तिला शेपटीला धरून बाहेर काढलं. हेडसर टेबलावरूनच खूश होऊन म्हणाले, ‘छान! हिलाही आत ठेवू या. नवीन स्पेसिमेन.’

‘सर, लांडग्याला कुणी वाडग्यात बांधतं का?’ असं म्हणून तात्या धामण घेऊन निघाले आणि तिला मागच्या उसात सोडून आले.

*

आता जरा वाईट भाग. बेडूक पाळलेले असायचे ते प्रॅक्टिकलसाठी. मार्चमध्ये परीक्षा आली की त्यातले वीस कापले जायचे. नेमके त्याच दिवशी तात्यांच्या पोटात दुखायचं. तीन दिवसांनी यायचे, मोजायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. मला त्यांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

एकदा ते आपणहून बोलले. ‘आमच्या मेंढरांत एक एडका देवाला सोडलेला होता, बाई. भंडारा लावून एकदा सोडला की त्याला इकायचं न्हाय, कापायचं न्हाय. म्हातारा होऊन मेला. आमच्या वडलांनी पोरासारखा पुरला त्याला.’

मी ‘हो का’ म्हटलं आणि पेपर तपासायला लागले.

*

पुढच्या मार्चला परीक्षेची सगळी जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर होती. पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते, करड्या मिशांचे आणि शिस्तीचे. मुलं एप्रन घालून उभी. प्रॅक्टिकल बिघडलं तर हेडसर मला सोडणार नव्हते. त्या दिवशी तात्यांच्या पोटात दुखलं नव्हतं. ते चक्क इस्त्रीचा सदरा घालून वाडग्यापाशी उभे होते.

परीक्षकांना घेऊन मी मागे गेले आणि जाळी उचलली. आतल्या एकूण एक बेडकाच्या कपाळावर हळदीचं पिवळं बोट ओढलेलं होतं.

‘सकाळीच समद्यास्नी देवाला सोडलं, बाई,’ तात्या म्हणाले. हात जोडलेले होते.

परीक्षकांनी भिंतीवरून वाकून एकेक कपाळ बघितलं.

‘कुठल्या देवाला?’ त्यांनी विचारलं.

‘बिरोबाला, सायेब.’

परीक्षकांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मॅडम, प्रॅक्टिकलला कापायला तुमच्याकडे झुरळं मिळतील का?’

मी उत्तर देईपर्यंत तात्या डबा घेऊन लायब्ररीकडे निघालेसुद्धा होते.