झेंड्याची गाठ

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी दोरी ओढली आणि झेंडा उघडेचना. गाठ आवळून बसली होती. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या रेवाताईंनी तो खाली घेतला, घडीत फुलं नीट ठेवली आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारून पुन्हा वर चढवला.

फौजेत बारा वर्षं त्यांनी हेच केलं होतं. मग पुरुषाचं सोंग टाकून त्या बाई म्हणून जगू लागल्या, आणि त्यांना घरी पाठवलं. अरे, हात तेच, नेम तोच, छातीही तीच! साडीला घाबरणारी ही कसली फौज?

"रेवाताई, जरा मागे व्हा, फोटो काढायचाय," पुन्हा दोरी हातात घेत अध्यक्ष म्हणाले. त्या पार्किंगमधल्या स्कूटरींमागे जाऊन उभ्या राहिल्या. राष्ट्रगीताला आम्ही चुळबुळत होतो, त्या ताठ होत्या. भाषणात अध्यक्षांनी जवानांच्या त्यागाचे गोडवे गायले. त्या फोटोत मीही हसतोय, याची मला अजून चीड येते.

लाडू वाटताना अध्यक्ष त्यांना म्हणाले, "पुढच्या वर्षीपण गाठ तुम्हीच मारा हं."

"मारते की," रेवाताई म्हणाल्या. "आणि दोरी कोण ओढणार?"