माडाच्या वाटणीचं पाणी

दुष्काळाच्या वर्षी आमच्या पाटोद्याकडच्या दूध सोसायटीनं मला कोकणात पाठवलं, तिथल्या बायका मासळीची सोसायटी कशी चालवतात ते बघायला. जनावरं छावणीत, दूध आटलेलं, आणि मी निघाले मासे बघायला! चिडूनच गेलते. त्यात परतीची शेवटची एसटी चुकली. स्टँडवर एकटीच बसले होते, तेव्हा बाजारातून रिकामी टोपली घेऊन निघालेली एक म्हातारी थांबली.

"इथं बसून काय करणार गो? चल घरी."

घरी पोचताच तिनं मागच्या न्हाणीत कढत पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या ठेवल्या. खारं वारं अंगावर राहिलं तर खाज सुटेल, म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, एखादं मोठं घमेलं हाय का?"

"घमेलं कशाला?"

"त्यात बसून आंघोळ करते. पाणी वाया जात न्हाई. आमच्याकडं मग त्यातच कपडे धुतो."

ती हसली नाही. हात धरून मला न्हाणीच्या मागं घेऊन गेली. तिथं भिंतीतून निघालेली मोरी थेट एका माडाच्या आळ्यात उतरत होती.

"सांडलेलं सगळं ह्याला जातं. तू काटकसर केलीस तर हा तहानलेला राहील."

कित्येक महिन्यांनी मी डोक्यावरून पाणी घेतलं, तेही घमेल्याशिवाय. एक बादली माझी, दुसरी माडाची, असं ठरवलं होतं. माडाची बादलीही मी अंगावरूनच ओतली.