पसाभर मका

मुंजाबाला घुंगरू ऐकू येतं, असं त्याच्या बायकोनं, बानाबाईनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. हसायला नको होतं.

मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नव्हे. पण चितेगावच्या आसपासचे धनगर मला डॉक्टरच म्हणायचे आणि मीही कधी त्यांना दुरुस्त केलं नाही. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो? फक्त त्यापायी माणूस झटकन निकाल द्यायला लागतो. मीही एक दिला. तीच ही गोष्ट आहे.

मुंजाबाचं घर पैठण रस्त्यापासून आत, एका कंपनीच्या भिंतीला लागून. चरायचं रान भिंतीपलीकडं गेलं, साठ मेंढरांची अकरा उरली, मुलगा हनुमान त्याच कंपनीत पाळीवर जायला लागला. म्हातारा मात्र हटेना. कळप वाढवता येत नाही तर नाही, एकच कोकरू असं वाढवीन की जनावरांच्या प्रदर्शनात लोक मान वळवून बघतील, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. त्या वर्षी तसं कोकरू झालंही. लांब कान, पोपटासारखं बाकदार नाक, आणि चाल अशी की मेंढवाड्यातल्या सगळ्या मेंढ्यांची हजेरी घेऊनच बसायचं. म्हणून नाव पडलं कोतवाल. मुंजाबानं त्याच्या गळ्यात पितळी घुंगरू बांधलं.

खुराकाच्या बाबतीत मुंजाबा माझं ऐकायचा. पंधराव्या दिवसापासून आईच्या दुधाच्या जोडीला चिमूट-चिमूट भरडा चाटवायचा. मोठ्या मेंढ्यांचं तोंड पोचणार नाही अशा आडोशाला कोकरांची वेगळी गव्हाण करायची. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, हरभऱ्याची चुनी, वर लसूणघास, आणि पाणी रोज ताजं. वाढवायचं ते हळूहळू, पोटाला सवय लावत. एकदम धान्य पडलं की पोट आंबतं आणि धट्टंकट्टं कोकरू बघता बघता हातचं जातं. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की बानाबाई पोरीबाळींत बसून माझी हुबेहूब नक्कल करायची.

खुराक घालायचं काम सुनेचं, रत्नमालाचं. ती वैजापूरकडची, मेंढरांतच वाढलेली. ‘सकाळ-संध्याकाळ पसाभर,’ असं सासऱ्यानं तिला सांगितलं होतं, आणि ती तीन महिने नेमानं घालत होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कोतवाल आडवा पडला. मी पोचलो तेव्हा पोट टम्म फुगलं होतं आणि तो दात खात होता. जमेल ते पाजलं, टोचलं. सकाळी त्याला न्यायला टेम्पो दारात आला, तेव्हा तो संपलेला होता.

“काय घातलं होतं?” मी विचारलं.

“रोजचंच,” रत्नमाला म्हणाली. “पसाभर.”

“दाखव तुझा पसा.”

तिनं दोन्ही हात जोडून पुढं केले. मुंजाबाच्या घरी पसा म्हणजे एका हाताचा खोलगट तळवा. दोन हातांची ती ओंजळ. तिच्या माहेरी मात्र दोन हातांनाच पसा म्हणत.

“म्हणजे दुप्पट,” मी म्हणालो. झालं. निकाल लागला. टेम्पोवाल्यासकट सगळे तिच्या हातांकडं बघत राहिले, आणि तिला ते हात कुठं लपवावेत कळेना. मुंजाबा काही बोलला नाही. कोतवालाला त्यानं घुंगरासकट लिंबाखाली पुरलं.

त्यानंतर रत्नमालाच्या हाताला गुण नाही, असं वस्तीवर बोललं जाऊ लागलं. कुणी कोकरू उचलायला तिला बोलवेना. पुढं पुढं तीच दूर राहायला लागली. भाकरी थापायची, कपडे धुवायची, पण वाड्याच्या दाराशी आली की पदराखाली हात घेऊन माघारी फिरायची.

आणि मुंजाबाला घुंगरू वाजायला लागलं. रोज खुराकाच्या वेळी, कंपनीचा भोंगा होऊन गेला की लिंबाकडून यायचं. बानाबाईनं उतारे केले, लिंबाला नारळ फोडला, मेंढरांच्या गळ्यातली उरलीसुरली सगळी घुंगरं काढून पेटीत घातली. तरी तो जेवता जेवता घास हातात धरून थांबायचा. अंगानंही निम्मा झाला, हाताला कंप सुटला.

अशी दोन वर्षं गेली. यंदा त्याच्या एका मेंढीनं कोकरू दिलं आणि ती मेली. कोकराला कोतवालाचंच नाक होतं. हनुमान पाळीवर, बानाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मुंजाबाच्या हातात बाटली ठरेना. दूध कोकराच्या नाकात जायचं. मला निरोप आला तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो, तरी गेलो. कोकराच्या पोटात सकाळपासून थेंब नव्हता. मी पाजायला बघितलं, तर माझ्याकडूनही ते घेईना.

“रत्नमाला, तू घे,” मी म्हणालो.

ती दारातच उभी होती. “माझा हात नको, डॉक्टर. हे बी जाईल.”

कोकरानं मान टाकली होती. मुंजाबा त्याच्याकडं बघत होता, मग खाली बसला.

“पोरी, तुझ्या हातानं नाय गेलं ते,” तो म्हणाला. “म्या घातले व्हते गहू. आदल्या दिशी, उजाडताच. तू यायच्या आधी. काट्यावर वजन भरंल म्हनून अर्धं टोपलं घातलं.”

मला माझीच लाज वाटली. पोरगी तीन महिने तेवढंच घालत होती आणि कोकरू तेवढ्यावरच टुमटुमीत झालं होतं. मग ते नेमकं त्याच दिवशी कसं मेलं? एवढा साधा प्रश्न मला, डॉक्टर म्हणवून घेणाऱ्याला, दोन वर्षांत पडला नव्हता.

“मग माझा पसा बरोबर व्हता,” रत्नमाला म्हणाली. विचारलं नाही तिनं, नुसतं म्हणाली.

“बरोबर व्हता,” मुंजाबा म्हणाला.

“तवाच का नाय बोललात, मामा?”

“समदी मान्सं तुझ्याकडं बघत व्हती. माझ्याकडं कुनी बघितलं नाय. मला ते बरं वाटलं.” त्याला रडू आलं. “म्हनून तर ते वाजतंय. मलाच वाजतंय.”

रत्नमाला दारातून आत आली. “मलाबी वाजतं ते,” ती म्हणाली. “पहिल्या दिसापासनं. मला वाटायचं, माझ्यापायी वाजतं. म्हनून कुनाला सांगितलं नाय.”

एका घरात, एकाच वेळी, दोघांच्या कानात ते घुंगरू दोन वर्षं वाजत होतं आणि दोघंही गप्प बसून जेवत होते. माझ्या अंगावर काटा आला. तो अजून येतो.

तिनं माझ्या हातातून बाटली घेतली. दुधाचे दोन थेंब मनगटावर टाकून बघितले, कोकराची मान कोपराच्या खळगीत घेतली आणि बोटानं त्याची हनुवटी चोळत राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं चोखायला सुरुवात केली.

परवा त्या बाजूला जाणं झालं. कोकरू भरड्यावर आलंय. रत्नमाला दोन्ही हातांनी गव्हाणीत घालत होती आणि ते तिच्या बोटांना ढुशा देत होतं. मुंजाबा लिंबाकडं पाठ करून बसला होता. एवढ्यात कंपनीचा भोंगा झाला, आणि म्हाताऱ्यानं मान कलती केली.

“अजून वाजतं?” मी विचारलं.

“तिचं थांबलं म्हनती. माझं वाजतंय.”

कानाच्या डॉक्टरकडं घेऊन जातो म्हणालो, तर तो नको म्हणाला.

“तिला दोन वर्सं उगीच वाजलं, डॉक्टर. आता मला वाजू द्या.”